खोटी कुस्ती, खरी हाडे

‘पण ते सगळे खोटे असते ना हो?’

आम्ही अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचे जुने प्रेक्षक आहोत, हे साहित्याच्या मंडळींत कधी बोलून गेलो की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे गृहस्थ पुष्कळदा नाटक शिकवणारे प्राध्यापक असतात. रंगमंचावर मरून पडलेला हॅम्लेट पडदा पडल्यावर उठून चहा पितो, याचे त्यांना कधी वैषम्य वाटलेले नसते. अंडरटेकरचा ठोसा पुरता लागत नाही हे सांगताना मात्र एखादे कारस्थान उघडकीस आणल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असते. इतकी वर्षे आम्ही हसून विषय बदलत आलो. आता बदलणार नाही. हा प्रश्न भाबडा तर आहेच, पण त्याहून अधिक तो बेजबाबदार आहे, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमची पिढी नव्वदीच्या दशकात केबलवर ही कुस्ती पाहत वाढली. मधल्या सुट्टीत कुस्तीगिरांचे पत्ते खेळली. कोणाची उंची किती आणि छाती किती, हे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. अंडरटेकर मरून पुन्हा जिवंत होतो ही वदंता आमच्या शाळेत होती आणि तिचे खंडन करणारा एक शहाणा मुलगाही होता. तो पुढे प्राध्यापक झाला असावा. आमच्या वडीलधाऱ्यांनी मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्री स्टाइल कुस्त्या पाहिल्या, तेव्हाही ‘लुटुपुटूची’ हा शब्द होताच. सांगायचा मुद्दा एवढाच, की निकाल आधी ठरलेला असतो हे कळायला आम्हाला फार वय व्हावे लागले नाही. कळल्यावरही आम्ही पाहत राहिलो.

प्रथम या थोर शोधाविषयी. १९८९ साली खुद्द कंपनीनेच, म्हणजे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, न्यू जर्सी राज्याच्या सेनेटपुढे सांगून टाकले, की ही खरीखुरी स्पर्धा नव्हे, प्रेक्षकांच्या करमणुकीचा कार्यक्रम आहे. ही कबुली काही प्रामाणिकपणाच्या उमाळ्यातून आलेली नव्हती. स्पर्धा म्हटली की राज्याचे क्रीडा-नियंत्रण आले, परवाने आले, वैद्यकीय तपासण्या आल्या, प्रक्षेपणावरचा कर आला. करमणूक म्हटली की या साऱ्यातून मोकळीक. पिढ्यान्‌पिढ्या प्राणपणाने जपलेले गुपित मालकाने कर आणि नियम चुकवण्यासाठी स्वतः फोडले. तेव्हा ‘हे सगळे खोटे आहे’ हे वाक्य उच्चारताना आपण काही बंडखोर सत्य बोलत आहोत, असे कोणी समजू नये. ते मालकाच्या सोयीचे वाक्य आहे, आणि मालकाने ते आपल्या आधी उच्चारलेले आहे.

दुसरा वर्ग अधिक व्युत्पन्न. त्याने रोलाँ बार्थ यांच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकातला कुस्तीवरचा निबंध वाचलेला असतो, निदान वर्गात ऐकलेला असतो. त्या निबंधाचे ऋण आम्हाला मान्य आहे. कुस्ती खरी की खोटी हा प्रश्नच बार्थ यांनी बाद ठरवला आणि तिच्याकडे अभिनित वेदनेचा, पराभवाचा व न्यायाचा देखावा म्हणून पाहिले. आमची तक्रार बार्थ यांच्याशी नाही. पॅरिसच्या कळकट सभागृहांत त्यांनी जे पाहिले ते त्यांनी उत्तम लिहिले. तक्रार आहे ती तेवढ्या एका निबंधावर आयुष्यभर गुजराण करणाऱ्यांशी. कारण त्या मांडणीतून दोन गोष्टी निसटतात. एक काळ, आणि दुसरी शरीर.

आधी काळाचे पाहू. बार्थ यांच्या मते मुष्टियुद्धाला कथा असते. कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वतंत्रपणे वाचता येतो, क्षणांच्या क्रमाला महत्त्व नाही. आज हे विधान उलटे करावे लागते. डस्टी ऱ्होड्स हा स्वतःला प्लंबरचा मुलगा म्हणवून घेणारा, सुटलेल्या पोटाचा, बोबड्या वळणाचे बोलणारा लोकप्रिय मल्ल. १९७७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने विजेत्या ‘सुपरस्टार’ बिली ग्रॅहमवर मात केली. पण प्रतिस्पर्धी मुदतीत रिंगणात परतला नाही म्हणून मिळालेल्या विजयात पट्टा हस्तांतरित होत नाही. तो पट्टा डस्टीला कधीच मिळाला नाही. २०१५ साली तो वारला. त्याचा मुलगा कोडी २०२२ साली कंपनीत परतला तो हीच अर्धी राहिलेली गोष्ट पूर्ण करायची म्हणून. २०२३च्या रेसलमेनियात तो रोमन रेन्सकडून हरला. ऑगस्ट २०२० पासून विजेतेपद राखून असलेल्या रेन्सला त्याने अखेर ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियात हरवले. त्या रात्रीचे तीनचे मोजमाप हा सुटा क्षण म्हणून वाचून दाखवा पाहू. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा एक तांत्रिक विजय ज्याला ठाऊक नाही, त्याला तिथे दोन घामट पुरुष दिसतील. ज्याला ठाऊक आहे त्याला बापाचे ऋण फेडणारा मुलगा दिसेल. याला आम्ही कथा म्हणतो. महाकाव्य शिकवणाऱ्यांनी याला नाक मुरडावे याचे आम्हाला नवल वाटते.

आता शरीर. याच कोडीने ५ जून २०२२ रोजी छातीचा स्नायू हाडापासून फाटलेला असताना सेथ रॉलिन्सशी पिंजऱ्यातली कुस्ती केली. अंगरखा काढला तेव्हा छातीपासून दंडापर्यंत सारे अंग काळेनिळे होते. निकाल ठरलेला होता. तो स्नायू ठरवून फाटलेला नव्हता. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये मिक फोली पिंजऱ्याच्या छतावरून निवेदकांच्या टेबलावर फेकला गेला, पुन्हा वर चढला, आणि या वेळी छत फुटून खाली रिंगणात आदळला. त्याचा दात तुटून नाकापाशी अडकला. हाच फोली पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने आत्मचरित्र लिहितो आणि ते अमेरिकेत खपाच्या यादीत अग्रस्थानी जाते. त्या पुस्तकाला कोणी खोटे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

नाटकातल्या मरणाला नटाचे शरीर साक्षी असते, पण ते सहसा खर्ची पडत नाही. इथे ते खर्ची पडते. आणि ‘खोटे आहे’ या एका वाक्याने हा खर्चच हिशेबातून पुसला जातो.

याचा सर्वांत भीषण पुरावा २३ मे १९९९ चा आहे. कॅन्सस सिटीमध्ये ओवेन हार्ट एका विनोदी पात्राच्या वेषात छतावरून दोरीने उतरणार होता. खटका सुटला आणि तो सुमारे ७८ फुटांवरून रिंगणात कोसळला. घरी बसलेल्या प्रेक्षकांना निवेदक जिम रॉस याला वारंवार सांगावे लागले, की हा कथानकाचा भाग नव्हे. सभागृहातल्यांना कोणी काही सांगितले नाही. ओवेनला बाहेर नेले आणि पुढची कुस्ती लावण्यात आली. त्या रात्री तिथे बसलेला जो प्रेक्षक ‘हेही खोटेच असेल’ म्हणाला असेल त्याला आम्ही दोष देत नाही. आम्ही दोष देतो तो घरी, पुस्तकांच्या कपाटासमोर बसून आजही तेच वाक्य म्हणणाऱ्याला.

इथे आम्हा प्रेक्षकांचेही माप पदरात घातले पाहिजे. नाहीतर हा लेख म्हणजे निव्वळ वकिली होईल. ओवेनचा थोरला भाऊ ब्रेट हार्ट. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रिऑलमध्ये, स्वतःच्या देशवासीयांसमोर, त्याने शरणागती पत्करलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमहन यांनी घंटा वाजवायला लावून त्याचे विजेतेपद काढून घेतले. ब्रेट दुसऱ्या कंपनीत जाणार होता. ठरलेले एक होते आणि घडवले दुसरेच. हा खरा दगाफटका होता. पुढे काय झाले? मालकाबद्दलचा तोच संताप कंपनीने कथानकात जुंपला. ‘मिस्टर मॅकमहन’ नावाचा खलनायक जन्माला आला, स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन त्याला दर आठवड्याला बडवू लागला आणि आम्ही टाळ्या पिटल्या. मालकाला बडवण्याचे सुख आम्हाला मालकाकडूनच विकत मिळत होते, हे ध्यानात यायला आम्हाला फार वर्षे लागली.

त्याहून लाजिरवाणे पुढे आहे. एडी गरेरो १३ नोव्हेंबर २००५ रोजी अवघ्या ३८ व्या वर्षी हॉटेलच्या खोलीत मरण पावला. काही महिन्यांतच, २००६ साली, खलनायक रँडी ऑर्टनच्या तोंडी एडी नरकात गेल्याचे वाक्य घालून कथानक रंगवले गेले. आणि २००७ चा जून. ११ तारखेला मॅकमहन यांची गाडी स्फोटात उडाल्याचे कथानक दाखवले गेले. २५ तारखेच्या कार्यक्रमात त्यांची लटकी शोकसभा व्हायची होती. त्याच दिवशी ख्रिस बेन्वाच्या घरात तीन मृतदेह सापडले. मालकाला रिकाम्या सभागृहात उभे राहून, आपले मरण कल्पित होते असे सांगावे लागले. बेन्वाला तीन तासांची श्रद्धांजली वाहिली गेली. मग उघड झाले, की पत्नीचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून करून त्याने आत्महत्या केली होती. दुसऱ्या दिवसापासून कंपनीने त्याचे नाव घेणे बंद केले. पुढे त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा तो वारंवारच्या आघातांनी विदीर्ण झालेला आढळला.

बेन्वाच्या कृत्याला कोणतीही सबब आम्ही शोधत नाही. परंतु १४ मार्च २००४ रोजी तो रेसलमेनिया जिंकला आणि त्याने व एडीने रिंगणात एकमेकांना मिठी मारली, तेव्हा आम्ही रडलो होतो. त्या मिठीतले दोघेही चार वर्षांच्या आत गेले. डोक्याने उडी घेण्याच्या ज्या डावासाठी आम्ही बेन्वाला डोक्यावर घेतले होते, त्या डावाची किंमत आम्हाला ठाऊक नव्हती असे म्हणता येईल. ती विचारावी असे वाटले नाही, हे मात्र नाकारता येणार नाही. का वाटले नाही? कारण आमच्याही मनाच्या तळाशी तेच वाक्य होते: खोटेच तर आहे!

आता प्राध्यापकमहाशयांकडे वळतो. या कंपनीने मार्च २००१ मध्ये मुख्य प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, तिच्या साऱ्या चित्रफितींसकट. तेव्हापासून अमेरिकी कुस्तीचा बहुतेक दृश्य इतिहास एकाच मालकीचा आहे. कथा लिहिणारा तोच, इतिहास लिहिणाराही तोच. दरबारी बखर कशी वाचावी, तिच्यातले मौन कसे ओळखावे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवता. मग ही बखर कोण वाचणार? १९८६ साली जेसी व्हेंच्युराने कुस्तीगिरांच्या संघटनेची गोष्ट काढली. ती मालकाच्या कानी घातली हल्क होगनने, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या नायकाने. पुढे व्हेंच्युराच्या दाव्यातील जबानीत हे खुद्द मालकानेच सांगितले. संघटना झाली नाही, ती आजतागायत नाही. कुस्तीगीर कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत. नायकाच्या कथेखाली गाडलेली ही दुसरी कथा वर काढणे हे समीक्षेचे काम नव्हे, तर कोणाचे?

आणि समीक्षा नाही म्हणावे, तर तीही नाही असे नाही. ती आम्ही करतो, वेडीवाकडी. १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये जॉन सीना अखेरचा लढला. ‘कधीही हार मानू नका’ हे ज्याचे वीस वर्षांचे ब्रीद, त्याने गुंथरच्या पकडीत स्मित करीत हात आपटून हार मानली. सभागृह खवळले. त्यानंतर जो वाद पेटला तो खरे-खोटे याविषयी नव्हता. हे त्या पात्राशी सुसंगत आहे का, अखेर थकून सोडून देणे हाच त्या ब्रीदाचा खरा शेवट का, की लेखकांनी पात्राचा बळी दिला, यावर माणसे हिरिरीने भांडत होती. शोकान्त नाटकाच्या तासाला आपले विद्यार्थी इतके भांडले, तर आपल्याला कृतकृत्य वाटेल.

आमची मागणी मोठी नाही. कुस्तीला कला म्हणा, असा आमचा हट्ट नाही. ती पाहाच, असाही आग्रह नाही. न पाहण्याची कारणे आम्ही वर स्वतःच दिली आहेत. पण वर्गातला एखादा विद्यार्थी या कुस्तीवर लिहू म्हणाला, तर ‘ते खोटे असते’ म्हणून त्याची बोळवण करू नका, आणि बार्थचा निबंध हाती देऊन मोकळेही होऊ नका. त्याला विचारा: ही गोष्ट कोणी लिहिली, ती कोणाच्या मालकीची आहे आणि ती सांगताना कोणाचे काय मोडले? कथा-कादंबरीला हे प्रश्न विचारायला आम्ही तुमच्याकडूनच शिकलो आहोत.