पूर ओसरला, स्वयंपाकघराचे काय?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले. पुढे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये महापुराने घरोघरीचे धान्य नासवले. प्रत्येक वेळी चर्चा रंगली ती नालेसफाईची आणि धरणांतील विसर्गाची. पूरग्रस्तांचे स्वयंपाकघर मात्र दुर्लक्षितच राहिले.

पुराच्या पाण्यात सांडपाणी, मैला, इंधन आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. त्यामुळे भिजलेले धान्य, पीठ, डाळी उन्हात वाळवून वापरणे धोक्याचे ठरते. ओल्या धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिनसारखे विष शिजवल्यानेही पुरते नष्ट होत नाही. फिरकीच्या झाकणांच्या बरण्यांतही हे पाणी शिरू शकते. लाकडी पोळपाट-लाटणे टाकून द्यावे. स्टीलची भांडी साबणाने घासून उकळत्या पाण्यातून काढावीत. वीज चार तासांहून अधिक काळ गेली असेल, तर फ्रिजमधील दूध, मांस, शिजवलेले अन्न ठेवू नये. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. सोसायटीची भूमिगत टाकी उपसून, धुऊन, क्लोरिनने निर्जंतुक केल्याखेरीज वापरात आणू नये. गॅसची शेगडीही नळी व रेग्युलेटर तपासल्यावरच पेटवावी.

हे सारे सांगणे सोपे, पाळणे कठीण. वर्षभराचे धान्य भरून ठेवणाऱ्या कुटुंबाला भिजलेले पोते फेकणे म्हणजे पुढच्या महिन्यांची भाकरी फेकणे वाटते. त्यातच नुकसानीचा पुरावा म्हणून पंचनामा होईपर्यंत नासलेले धान्य घरात ठेवण्याकडे कल असतो. आरोग्याचा सल्ला ‘ताबडतोब टाका’ म्हणतो. भरपाईची रीत ‘थांबा’ म्हणते. या ओढाताणीत साथीचे आजार घरात शिरतात.

यावर उपाय अवघड नाही. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे पंचनाम्यात विनातक्रार ग्राह्य धरावीत, खराब अन्न उचलणाऱ्या गाड्या पहिल्याच दिवशी गल्लोगल्ली फिराव्यात आणि बदली धान्य व स्वच्छ पाणी पंचनाम्याची वाट न पाहता पोहोचावे. हाताशी दुसरे धान्य असेल, तरच भिजलेले धान्य टाकण्याचे धैर्य होते. पुनर्वसनाची सुरुवात चुलीपासून व्हायला हवी, ती याचसाठी.