घास घ्या, माझी शपथ!

परदेशवारी करून आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "जेवणाचे हाल नाही ना झाले?" आल्प्सची शिखरं नि पिरॅमिड मागाहून. सहली नेणाऱ्या मंडळींनी हे केव्हाच ओळखलं आणि आचारीच बरोबर न्यायला सुरुवात केली. त्यात वाईट काही नाही. दिवसभर पायपीट केल्यावर वरणभात मिळाला तर कुणाला नको असतो?

पण त्या देशातल्या एखाद्या कुटुंबाने "आमच्या घरी जेवायला या" असं म्हटलं, की प्रश्न निराळे होतात. हॉटेलात ‘नको’ म्हटलं तर वेटर दुसरा पदार्थ आणतो. घरात ‘नको’ म्हटलं तर बाईचं तोंड उतरतं. त्यातून भाषा येत नसली, तर ‘का नको’ हेही सांगता येत नाही.

आम्हाला हा योग आला इथिओपियात. माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, बडोद्याच्या. त्यांचा मुलगा अदिस अबाबाजवळच्या एका कापडाच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे आम्ही दोघी महिनाभर राहायला गेलो होतो. मुंबईहून विमानाने पाच-सहा तासांचा प्रवास. शहर २,३०० मीटरहून अधिक उंचावर, त्यामुळे आफ्रिका म्हटल्यावर सुती साड्या भरून नेलेल्या आम्हाला संध्याकाळी शाली लागायच्या. भाच्याच्या हाताखाली एक सुपरवायझर बाई आहे. "साहेबांची आई आलीय, तिला घरी आणाच" असं तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

वन्संचं वय बाहत्तर. कडक सोवळं नाही, पण उष्ट्या-खरकट्याचे नियम पक्के. दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावलं नाही, दुसऱ्याच्या ताटातलं उचललं नाही. बडोद्याला चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी एक बोहरी कुटुंब राहतं. ते सगळे एकाच मोठ्या थाळाभोवती बसून जेवतात. वन्संचा त्या घरावर फार जीव, बाळंतपणं केली आहेत त्यांची. पण त्या थाळाशी वन्सं कधी बसल्या नाहीत, आणि त्यांनीही कधी भीड घातली नाही. इथिओपियातही एकाच ताटात जेवतात हे कळल्यावर वन्संनी जाहीर केलं, "मी माझी स्टीलची ताटली नि चमचा पिशवीत घेऊन येणार."

भाच्याला घाम फुटला. "आई, ती बाई माझ्या हाताखाली काम करते. उद्या कारखान्यात सगळ्यांना कळेल की साहेबाच्या आईने वेगळं ताट मागितलं. त्याचा अर्थ ते काय घेतील?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मामी, आईची तब्येत बरी नाही असं सांगू का?" मी म्हटलं, खोटं सांगू नकोस. पण ताटलीचं काय, ते मलाही उमगत नव्हतं.

शाकाहाराची काळजी मात्र मिटली होती. ती कशी, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत उपासाला मोठं महत्त्व. दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास, शिवाय ईस्टरआधीचा ५५ दिवसांचा मोठा उपास आणि इतरही. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं वर्ज्य. श्रद्धाळू माणसं दुपारपर्यंत काहीच खात नाहीत. त्यानंतर जे शिजतं ते संपूर्ण शाकाहारी, आपल्यापेक्षाही कडक! एरवी पाहुणा आला म्हणजे ‘दोरो वोत’, म्हणजे कोंबडीचा तिखट रस्सा, हा मानाचा. परंपरेप्रमाणे कोंबडीचे बारा तुकडे करायचे नि वर उकडलेली अंडी घालायची. असा घाट घातलेल्या घरात जाऊन "आम्ही खात नाही" म्हणणं यजमानाला फार जड जातं. म्हणून भाच्याने शुक्रवार मागून घेतला. त्या दिवशी पाहुण्यासाठी वेगळं काही करावंच लागत नाही. जे आपण जेवतो तेच घरची सगळी जेवतात.

निरोप आला, "नऊ वाजता या." वन्सं म्हणाल्या, "रात्री नऊला कसलं जेवण?" पण तिथलं घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे नऊ म्हणजे आपले दुपारचे तीन, उपास सोडायची वेळ. न्यायचं काय, हाही विचार झाला. बेसनाचे लाडू तयार होते, पण त्यात तूप. म्हणून वन्संनी शेंगदाण्याची चिक्की केली, आणि वाटेत साखर व कॉफीचे हिरवे दाणे घेतले.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. सुपरवायझर बाई, तिची दोन मुलं, तिचे आईवडील. वडील निवृत्त शिक्षक, वय सत्तरीचं. त्यांनी वन्संचे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीत म्हणाले, "मला गणित एका भारतीय मास्तरांनी शिकवलं." सम्राट हैले सेलासींच्या काळात, म्हणजे १९७४ पर्यंत, तिथल्या शाळांत भारतातून गेलेले शेकडो शिक्षक होते, त्यांत केरळचे पुष्कळ. म्हाताऱ्यांना आपल्या मास्तरांचा वर्गात शिरल्यावरचा दरारा अजून आठवत होता. आमचा मान त्या कुठल्याशा मास्तरांनी पन्नास वर्षांपूर्वीच कमावून ठेवला होता.

आधी नात पाण्याचा तांब्यासारखा जग आणि तस्त घेऊन आली. वयाने सर्वांत मोठं कोण ते पाहून तिने पहिल्यांदा वन्संच्या हातावर पाणी घातलं, मग आजोबांच्या, मग क्रमाने. वन्सं हे बारकाईने पाहत होत्या. मग ‘मेसोब’ आला, वेताच्या मोढ्यासारखा, रंगीत विणकामाचा, वर टोपलीचं झाकण. झाकण काढलं तर आत थोरल्या परातीएवढा ‘इंजेरा’.

इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणा. तेफ नावाच्या खसखशीएवढ्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं. मागच्या खेपेचं आंबट पाणी विरजणासारखं राखून ठेवलेलं असतं, ते त्यात घालायचं. मातीच्या मोठ्या तव्यावर गोल ओतून झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. वरच्या अंगाला जाळी पडते, तिला ते ‘डोळे’ म्हणतात. डोळे चांगले पडले नाहीत तर सुनेला बोलणी बसत असणार, अशी माझी खात्री आहे. या इंजेरावरच भाज्या-आमट्यांचे ढीग वाढतात. ताटही तोच, पोळीही तोच.

आणि ढीग कसले? एक लालभडक ‘मिसिर वोत’, म्हणजे मसुराची आमटी. नावातही मसूर ऐकू येतो की नाही? एक हळदीची पिवळी सौम्य डाळ. कोबी, गाजर नि बटाट्याची भाजी. लसणीवरची पालेभाजी. आणि मधोमध बुडबुडे येत असलेलं ‘शिरो’. हरभऱ्यासारखी कडधान्यं भाजून, मसाल्याबरोबर दळून ठेवलेल्या पिठाचं ते दाटसर कालवण. वन्संनी वास घेतला नि मराठीत म्हणाल्या, "अगं, हे तर पिठलं!" मीही तेच म्हणणार होते. फरक एवढाच, की कांदा आधी तेलाशिवाय कोरडाच, अगदी संयमाने परतायचा, आणि मिरचीचा मसाला असा सढळ, की आपलं तिखट पिठलं बाळबोध वाटावं.

पिशवीतली ताटली अजून पिशवीतच होती. भाचा माझ्याकडे पाहत होता, मी पिशवीकडे. वन्सं मात्र ताटाकडे पाहत होत्या. सगळ्यांनी उजव्या हाताने आपल्यापुढचा तेवढाच तुकडा तोडला, कालवण चिमटीत धरलं, तोंडात टाकलं. दुसऱ्याच्या बाजूला हात नाही, बोटं चाटणं नाही. तिथे तो असभ्यपणा समजतात. असे दोन-तीन घास पाहून झाल्यावर वन्संनी पदर सावरला आणि आपल्यापुढचा इंजेरा तोडला. मला हळूच म्हणाल्या, "बोट तोंडाला लागतच नाही की यांचं. मग उष्टं कुठून?"

उष्ट्याच्या आपल्या नियमात अर्धी स्वच्छता आहे आणि अर्धी ‘कुणाच्या हातचं’ याची मोजदाद आहे. पहिल्या अर्ध्याची बाजू मी केव्हाही घेईन, दुसऱ्याची घेणार नाही. मोजदाद त्यांच्याकडेही नाही असं नाही हं! तिथले ख्रिस्ती नि मुसलमान पिढ्यान् पिढ्या शेजारी राहतात, पण एकाने कापलेल्या जनावराचं मांस दुसरा परंपरेने खात नाही. उपासाचं जेवण मात्र दोघांना चालतं.

खरी परीक्षा पुढे होती. इतका वेळ गप्प बसलेल्या आजीबाईंनी इंजेराचा मोठा तुकडा तोडला, त्यात शिरो, आमटी, भाजी सगळं गुंडाळलं, छान वळकटी केली आणि हात लांब करून वन्संच्या तोंडापुढे धरला. याला ‘गुरशा’ म्हणतात. प्रेमाने, मानाने दुसऱ्याला आपल्या हाताने भरवलेला घास. तो जितका मोठा तितका जिव्हाळा मोठा, आणि नाकारणं म्हणजे माणूस नाकारण्यासारखं.

वन्संनी मान मागे घेतली. आजीबाईंचा हात तसाच. "बेमोते!" त्या म्हणाल्या. भाच्याने खाली पाहत अर्थ सांगितला, "आई, त्या म्हणताहेत, माझ्या मरणाची शपथ."

वन्सं क्षणभर थांबल्या. आपल्याकडे पंगतीत जिलबी वाढताना "माझी शपथ आहे" म्हणणाऱ्या बायका आठवतात ना? वन्सं त्यांतल्याच, बडोद्यात त्यांच्या आग्रहाला भिऊन माणसं पोट रिकामं ठेवून येतात. आग्रह करणाऱ्याला आग्रह मोडता येत नाही. त्यांनी डोळे मिटले नि तोंड उघडलं. घास एवढा मोठा, की गाल फुगले, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. की दुसऱ्या कशाने आलं, मी विचारलं नाही. वन्संचे यजमान जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी घास भरवलेला मला तरी ठाऊक नाही.

मग वन्संनी स्वतः एक वळकटी केली. जरा वेडीवाकडी, त्यातून डाळ गळत होती. ती त्यांनी आजीबाईंना भरवली. नातवंडं टाळ्या पिटत हसली. भाच्याने कपाळावरचा घाम पुसला.

सगळ्यांनी असंच करावं, असं मी म्हणणार नाही. कुणाला पथ्य असतं, कुणाला खरंच जमत नाही. अशा वेळी हात छातीवर ठेवून, हसून, घास आपल्या हातात घेतला तरी भाचा म्हणतो यजमान समजून घेतात. पण आपलं ताट पिशवीतून काढायच्या आधी, समोरचे कसे जेवतात ते दोन मिनिटं पाहून तरी घ्यावं.

जेवणानंतर तासभर कॉफी. जमिनीवर हिरवं गवत पसरलं, धूप घातला, हिरवे दाणे आमच्यासमोर भाजले, भाजल्याचा धूर प्रत्येकाच्या नाकाशी फिरवला, कुटले, आणि मातीच्या लांब मानेच्या सुरईत उकळून बिनकानाच्या इवल्या कपांत ओतले. बरोबर भाजलेले जव, लाह्या, आणि आमची चिक्की. एकाच चोथ्यावर पाणी घालून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बेरेका. मधेच उठायचं नाही. तिसरी अगदी फिकट असते, पण नाव ‘बेरेका’, म्हणजे आशीर्वाद. आपली ‘बरकत’ तीच. एरवी दुपारी चारनंतर कॉफीला न शिवणाऱ्या वन्सं तिन्ही प्यायल्या आणि रात्री दोनपर्यंत जाग्या होत्या. त्या वेळी अंधारात म्हणाल्या, "वहिनी, जेवायच्या आधी सगळ्यांनी हात धुतले होते ना गं?" मी म्हटलं, "धुतले होते, तुमच्यासमोर." मग कूस बदलून झोपल्या.

पुढच्या शुक्रवारी त्या सगळ्यांना भाच्याकडे बोलावलं. वन्संनी आठ वेगळी ताटं मांडली. तेवढं त्यांचं त्यांनी राखलं, आणि पाहुण्यांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. बाजारातून आणलेल्या शिरोच्या पिठाचं फोडणी देऊन पिठलं, भात, बटाट्याची भाजी, गुळाच्या दशम्या. वाढताना "माझी शपथ" चालूच होतं, भाचा हसत हसत भाषांतर करत होता. आजीबाईंनी पिठलं दोनदा मागून घेतलं. नातवाने मात्र स्पष्ट सांगितलं, की मिरची कमी पडली.