सहलीतील रात्रीचे पान

दिवाळीच्या सुटीत कोठे जावयाचे, हा प्रश्न आमच्या यवतमाळकडील घरांतून पूर्वी फारसा उद्भवतच नसे. माहेर, मामाचे गाव, फार झाले तर माहूर किंवा शेगाव. आणि जेथे जावे तेथे रात्रीचे पान कोणीतरी वाढून ठेवलेलेच असे. हल्ली तसे राहिलेले नाही. नातवंडे मोबाइलवर चित्रे दाखवितात, मुले शाळेतून वर्णने ऐकून येतात, आणि घरातील बारा-पंधरा मंडळींचा तांडा चित्रनगरी अथवा क्रीडोद्यान पाहावयास बाहेर पडतो. गाडी कोणती, तिकिटे कोणी काढावयाची, मुक्काम कोठे, याची चर्चा महिनाभर चालते. रात्री जेवावयाचे काय आणि कोठे, ही चर्चा मात्र पहिल्याच दिवशी रात्री नऊ वाजता, पेंगुळलेली मुले कडेवर घेऊन, परक्या गावच्या रस्त्यावर उभ्या उभ्या होते. या महिन्यात त्याविषयीच लिहावयाचे योजिले आहे.

आपल्या जिल्ह्यातील मंडळींस अशा सहलीसाठी सोयीचे मोठे स्थळ म्हणजे हैदराबादजवळील रामोजी चित्रनगरी. खोपोलीनजीकचे इमॅजिका २०१३ साली उघडले, तेही प्रेक्षणीय आहे. पण ते आपल्यापासून सहाशे किलोमीटरांच्या आसपास पडते, आणि हैदराबाद चारशेच्या आसपास. चित्रनगरी रामोजी राव यांनी १९९६ साली उभारली. सुमारे १६६६ एकरांचा तिचा विस्तार असून जगातील सर्वांत मोठे चित्रपटनिर्मितीचे संकुल म्हणून गिनीजच्या नोंदीत तिचे नाव आहे. राव २०२४ साली निवर्तले. वाट सरळ आहे: पांढरकवड्यास राष्ट्रीय महामार्ग ४४ धरावा, पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडावी, की आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी या क्रमाने मेडचल येते. तेथून शहरात शिरण्याचे कारण नाही. हैदराबादभोवतीचा बाह्य वर्तुळमार्ग १५८ किलोमीटरांचा आहे. तो धरून पेद्दा अंबरपेट येथे विजयवाड्याच्या रस्त्यावर उतरले, की चित्रनगरी जवळच राहते. सकाळी सहास निघालेली मंडळी थांबत थांबत, चहापाणी करीत दुपार कलताना पोचतात.

आता पहिल्या रात्रीचे जेवण. या बाबतीत माझे मत जुन्या वळणाचे आहे, आणि ते बदलण्यास मला अद्याप सबळ कारण सापडलेले नाही. पहिल्या रात्रीचे पान घरूनच न्यावे. आपल्या आज्या-पणज्या यवतमाळ-मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरांचा प्रवास ‘शकुंतले’च्या चिमुकल्या डब्यातून करीत, तेव्हा त्यांच्या गाठोड्यात दशम्या असत. (ती गाडी गेली काही वर्षे बंद आहे, तिच्याविषयी लिहू लागले तर हे सदर तिलाच द्यावे लागेल.) दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवितात, म्हणून सोवळ्याओवळ्याच्या काळात ती प्रवासात चालत असे. सोवळे आज कोणी पाहत नसेल, पण दशमी मऊ राहते व दुसऱ्या दिवसापर्यंत सुखाने टिकते, हा गुण काही गेलेला नाही. जोडीला जवसाची चटणी, मेतकूट, गुळाचा खडा आणि मुक्कामी विकत घेतलेले दही. दिवसभर गाडीत बसून अंग आंबलेले असते. अशा वेळी याहून अधिक कोणासच नको असते. मात्र हे सारे निवासस्थानीच संपवावे. क्रीडोद्यानांतून बाहेरचे अन्न बहुधा आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या मुलांचे खाणे व पथ्याचे पदार्थ यांस काही ठिकाणी सवलत असते, ती आधी फोन करून विचारून घ्यावी. दारावर डबा उघडून रखवालदाराशी वाद घालणे घरातील वडीलधाऱ्यांस शोभत नाही आणि मुलांस ते फार लागते.

खरा प्रश्न दुसऱ्या रात्रीचा. चित्रनगरीच्या आवारातच सितारा व तारा अशी निवासाची हॉटेले आहेत. अशा ठिकाणी मुक्काम, प्रवेश व जेवण यांचे एकत्रित पैसे आधीच भरण्याच्या योजना असतात. बाहेर राहिले तर रोजचे रोज पाहावे लागते. आधी पैसे भरावे की नाही, यावर घरोघरी दोन पक्ष पडतात.

ही पद्धत परदेशात फार पुढे गेलेली आहे. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतातील डिस्नेच्या विस्तीर्ण नगरीत २००५ साली अशी भोजनयोजना सुरू झाली. जितक्या रात्रींचा मुक्काम, तितक्या हिशेबाने प्रत्येकाच्या नावे ठरावीक जेवणे व ठरावीक फराळ जमा होतो, आणि जेथे खावे तेथे तो वजा होत जातो. २०२० साली महामारीत ती बंद पडली व २०२४ च्या जानेवारीत पुन्हा चालू झाली. तिच्यातील एक नियम आपल्या एकत्र कुटुंबांनी ध्यानात घेण्यासारखा आहे: एका खोलीत उतरलेल्या तीन वर्षांवरील सर्वांनी ती योजना घ्यावी लागते, एकाने घ्यावी व दुसऱ्याने न घ्यावी असे चालत नाही. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या शाकाहारी मंडळींस हा हिशेब चटकन कळतो. कारण योजना आखणाऱ्याने जो ‘माणूस’ गृहीत धरलेला असतो, तो भरपूर खाणारा, काहीही खाणारा आणि कोणत्याही वेळी खाणारा असतो. आपल्या घरात असा माणूस किती?

यवतमाळच्याच एका परिचित घरी गेल्या वर्षी हा प्रश्न उभा राहिला. मंडळी तेरा. धाकट्या सूनबाईंनी कागद घेतला आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो रात्री काय खातो ते लिहिले. आजोबांस मधुमेह, दोन पोळ्या, एक भाजी, आणि तीही साडेसातच्या आत. आजींचा चातुर्मास, कांदा-लसूण नाही. थोरल्या काकू एकादशी करणाऱ्या, आणि कार्तिकी एकादशी सुटीतच आलेली. लहान तिघांपैकी दोघांस दूधभात, तिसऱ्याची झोप आठाच्या पुढे टिकत नाही. आत्याबाई रात्री ताकाशिवाय काही घेत नाहीत. उरली सहा माणसे. म्हणजे तेरा जणांचे पैसे भरून बुफेवर खरे जेवणार सहा!

“मग नकोच ते,” आजोबा म्हणाले. “दोन पोळ्यांस एवढे पैसे मोजले, तर त्या माझ्या घशाखाली उतरावयाच्या नाहीत.”

थोरल्या काकूंनी तोडगा काढला: लहानशी विजेची शेगडी व कुकर बरोबर घ्यावा, खोलीत खिचडी टाकावी. सासूबाईंनाही ते पटले. तेव्हा धाकट्या सूनबाई म्हणाल्या, “आई, आम्ही सगळे दिव्यांची आरास बघत असताना काकू खोलीत तांदूळ निवडत बसणार का? त्यांनी तरी ती केव्हा बघायची?”

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, मला आयतं बसून खायची सवयच नाही. जीव घाबरतो माझा.”

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे असे मला वाटते. ज्या स्त्रीने चाळीस-पन्नास वर्षे दोन्ही वेळेस घरास वाढले, तिला परगावी ‘आता स्वस्थ बसा’ एवढे म्हटल्याने स्वास्थ्य लाभत नाही. ती पंगतीकडे पाहत राहते: नातवाने काही घेतले की नाही, यजमानांची गोळी झाली की नाही, हे अन्न कोणाच्या हातचे. शाकाहारी व मांसाहारी पदार्थ एकाच लांब मेजावर मांडलेले पाहून तिची भूक मरते, आणि ‘मला भूक नाही’ म्हणून ती उठते. दिवसभर चाललेले ते माणूस उपाशी निजते. आणि ही गोष्ट इतरांस दुसऱ्या दिवशी तिला चक्कर आली म्हणजे कळते. शेगडी बरोबर नेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बहुतेक हॉटेलांस ते चालत नाही, हे एक. आणि दुसरे असे की, जी बाई वर्षातून चार दिवस घराबाहेर पडते तिच्यामागे चूलही पाठविणे याला सहल म्हणता येत नाही.

त्या घराने शेवटी काय केले ते सांगण्यासारखे आहे. दुपारच्या जेवणाचे पैसे सर्वांचे आधी भरले. कारण चित्रनगरीत दुपारी माणूस आतच असतो, इकडून तिकडे जाणे तेथील बसगाड्यांतून होते, आणि जेवणासाठी बाहेर पडून परत येणे शक्य नसते. रात्रीचे पैसे मात्र आधी भरले नाहीत. मुक्कामाच्या हॉटेलात सकाळी निघतानाच स्वयंपाकघराशी बोलणे केले: सायंकाळी सातला सात माणसांचे साधे पान, कांदा-लसणावाचून. येथे एक युक्ती उपयोगी पडते. चातुर्मासाचे नियम परप्रांतीय आचाऱ्यास समजावीत बसण्याऐवजी ‘जैन जेवण’ एवढे दोन शब्द उच्चारावेत. ते देशभर कळतात. त्यात बटाटाही वर्ज्य असतो, पण एक दिवस बटाट्यावाचून कोणाचे अडत नाही. एकादशीसाठी राजगिऱ्याचे लाडू व भाजलेले शेंगदाणे घरून नेले. केळी व दूध तेथे मिळाले. साबुदाण्याची खिचडी तिकडे सहजी मिळेल या भरवशावर राहू नये. उरलेल्या सहा जणांनी रोषणाई पाहून साडेआठला हवे ते, हवे तेथे खावे असे ठरले. आजींस मात्र हे दोन पंगतींचे गणित प्रथम रुचले नाही. घरची माणसे वेगवेगळी जेवणार म्हणजे काय! पण सकाळचा फराळ सर्वांनी एकत्र घ्यावयाचा, या अटीवर त्यांनी संमती दिली.

आजोबांच्या साडेसातचा आग्रह काही मंडळींस हेकटपणा वाटला असेल. तो तसा नव्हता. मधुमेहावरील इन्सुलिन व काही गोळ्या अशा असतात की, त्या घेतल्यावर जेवण लांबले तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे अडखळते. दिवसभराच्या चालण्याने तर ती अधिकच उतरते. अशा माणसाच्या खिशात साखरेची पुडी असावीच, आणि रांग कितीही लांब असो, त्याचे ताट घड्याळाप्रमाणे पुढे आले पाहिजे. सुटीच्या हंगामात दिवे लागल्यानंतरचे कार्यक्रम असतात व ते नेमके जेवणाच्या वेळेवर येतात. त्या दिवशी वृद्धांस आधी जेवू घालून मग कार्यक्रमास न्यावे, किंवा एकाने त्यांच्याबरोबर परत यावे. हा ‘एक’ कोण, हे सकाळीच ठरवावे. नाहीतर तो भार दर वेळी एकाच सुनेच्या पदरात पडतो.

मुलांचे उलट. त्यांस पाळण्यांवर व गरगर फिरणाऱ्या यंत्रांवर बसावयाचे असेल, तर त्याआधी पोटभर जेवण देऊ नये. थोडे द्यावे, आणि खरे जेवण खेळ संपल्यावर. क्रीडोद्यानातील गोड पेये व तळलेल्या पदार्थांनी सायंकाळी पाच वाजताच त्यांचे पोट भरते आणि मग रात्री पानावर रडारड होते. याला उपाय बंदीचा नव्हे. बंदी सुटीत टिकत नाही. चार वाजता केळे व दूध पोटात गेले असेल, तर पाचचा मोह अर्ध्यावर येतो एवढे खरे.

तेलंगणातील जेवणाविषयी आपल्याकडे नाहक धास्ती आहे. तिखटाची म्हणाल तर वऱ्हाडच्या माणसाने त्याबद्दल बोलू नये. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद-निजामाबादकडे ज्वारीची भाकरी आपल्याइतकीच घरची आहे. तिला तिकडे जोन्ना रोट्टे म्हणतात. पप्पू म्हणजे आपले वरणच, जरा घट्ट. आणि ज्या गोंगुऱ्याची एवढी ख्याती, ती आपली आंबाडी! वर सांगितलेल्या घरातील आजींनी सातच्या त्या साध्या पानात आंबाडीचा आंबट वास ओळखला. त्यांनी वाढप्यास थांबवून ती कशी करतात ते खुणांनी विचारले. त्याला मराठी येत नव्हते, यांना तेलुगू येत नव्हते; तरी फोडणीत मेथीदाणे पडतात एवढे दोघांचे एकमत झाले. त्या रात्री त्या भात मागून जेवल्या.

राहिली परतीची रात्र, आणि तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. दिवसभराचा प्रवास करून रात्री दहास मंडळी घरी पोचतात. सामान उतरते, पुरुषमंडळी हातपाय धुऊन बाजेवर पडतात आणि कोणीतरी सहज विचारते, “काही गरम होईल का?” चार दिवसांची विश्रांती त्या एका प्रश्नात संपते. म्हणून निघण्यापूर्वीच फडताळात मेतकूट, तूप, पापड व धुऊन वाळविलेले तांदूळ एका जागी काढून ठेवावेत, दूधवाल्यास त्या सायंकाळचे दूध शेजारी ठेवावयास सांगावे, आणि मऊ भाताचा कुकर लावण्याचे काम गाडीतच कोणा तरी काकांच्या नावे करून टाकावे. तीन शिट्ट्या मोजणे त्यांस जमते. त्या घरी गेल्या वर्षी काकांनी पाच मोजल्या, पण भात सर्वांनी खाल्ला.