आधी एसटी, मग धावपट्टी

पौषात यमाईच्या यात्रेला औंधात उतरणाऱ्या गलाईवाल्यांच्या बॅगांना विमानाच्या पट्ट्या अजून चिकटलेल्या असतात. खटाव, खानापूर, आटपाडीची ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी केरळ, तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पांगलेली. कोचीहून मुंबई दोनेक तासांत येते. खरी परीक्षा पुढं. सहारहून चेंबूर, वाशीचा पूल, मग कळंबोलीच्या पुलाखाली पोरंबाळं नि बोचकी सांभाळत सातारा-विट्याच्या गाडीची वाट बघायची.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. दादर-अंधेरीकरांना तो लांब पडतो. आपल्याला मात्र तो खाडीच्या अलीकडं, पनवेलच्या उंबऱ्यात पडतो. आपल्याकडं याची चर्चाच नाही. आपले पुढारी अजून कराड आणि कवलापूरच्या विमानतळांची आश्वासनं देतात.

कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या काळातली. ती वाढवली, विमानही मिळालं, तरी ते मुंबईत उतरणार कुठं? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकीवरच काम चालतं. २०१७ साली 'उडान' योजनेतली पहिली विमानं उडाली, तेव्हा कोल्हापूर, नाशिक, जळगावची विमानं मुंबईत उतरायला वेळ मिळेना म्हणून रखडली. जुहूच्या विमानतळाचं म्हणाल, तर १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथंच उतरले होते. आता तिथून प्रामुख्यानं हेलिकॉप्टरं उडतात, त्यांतली बरीचशी बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडं. आणि पुढाऱ्यांच्या हेलिकॉप्टरचं काय, शाळेच्या मैदानावर चुन्यानं 'एच' काढला की भागतं!

म्हणून मागायचंच तर नेमकं मागा. एक, नवी मुंबईत पश्चिम महाराष्ट्राच्या छोट्या विमानांसाठी सोयीच्या वेळा राखून ठेवा. नंतर मोठ्या कंपन्या त्या बळकावतील आणि आपण पुन्हा रांगेच्या शेवटी. दोन, वडूज, दहिवडी, विटा आगारांतून विमानांच्या वेळा बघून थेट विमानतळापर्यंत एसटी सोडा, रात्रीच्या विमानांसाठीसुद्धा.

पहिल्या मागणीला दिल्लीपर्यंत जोर लावावा लागेल. दुसरीला जमीन लागत नाही, मोबदल्याचे खटले होत नाहीत. अडचण एवढीच की एसटीच्या फेरीला कोनशिला बसवता येत नाही.

– औंधकर