उपवासाचे मासे

नाताळच्या पूर्वसंध्येला युरोपातील अनेक घरांत मासे शिजतात. पोलंड आणि चेक प्रदेशात कार्प, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा, नेपल्समध्ये वाम, पोर्तुगालमध्ये खारवून वाळवलेला कॉड. प्रवासवर्णनांतून आणि पाककृतींच्या सदरांतून हे सारे आपल्यापर्यंत पोहोचते ते मेजवानीच्या रूपाने. आमच्या मते हे वाचन अपुरे आहे, आणि साहित्याच्या वाचकाला ते महागात पडते.

कॅथलिक परंपरेत २४ डिसेंबर हा दिवस उपवासाचा होता. मांस वर्ज्य, मासळी मात्र चाले. ताटातला मासा ही मांस सोडल्याची खूण होती. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम शिथिल केले आणि सार्वत्रिक चर्चच्या पातळीवर या दिवसाची सक्ती सरली, मासे राहिले. नॉर्वे-स्वीडनमध्ये तर सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर लूथरचा पंथ रुजला आणि असे उपवास मागे पडले. तरीही क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवलेला सुका मासा तेथे नाताळच्या सुमारास आजही खाल्ला जातो. आज्ञा विस्मरणात गेली तरी जिभेने ती जपली.

मराठी वाचकाची अडचण येथूनच सुरू होते. आपल्याकडे मासळी मांसाहारातच मोडते आणि 'उपवास' म्हटला की साबुदाणा आठवतो. पोलिश कुटुंबातील त्या रात्रीच्या प्रसंगात 'उपवासाला कार्प' असे लिहिले तर ते विनोदी वाटेल, या भीतीने 'मेजवानी' लिहून सुटका करून घेण्याचा मोह भाषांतरकाराला होतो. पण मग पहिला तारा दिसेपर्यंत जेवायला न बसणारी माणसे आपल्याला केवळ हौशी वाटू लागतात. त्यांच्या दिवसभराच्या भुकेचा अर्थच नाहीसा होतो.

वास्तविक ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोकणातल्या मासे खाणाऱ्या घरांत 'वार' पाळले जातात, श्रावण पाळला जातो. स्वयंपाक पंचांग पाहून ठरतो, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक असते. फरक आहे तो केवळ वर्ज्यावर्ज्याची रेघ कोठे ओढली एवढाच. म्हणून 'उपवास' हाच शब्द निःसंकोच ठेवावा, असे आम्हाला वाटते.

त्या रेघेचे भान असेल तरच आजचा उपरोधही वाचता येतो. युरोपीय वाम २००८ पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. एकेकाळी संयमाची खूण असलेला मासा नेपल्सच्या ताटात आज उधळपट्टीची खूण ठरू शकतो. पदार्थ तोच, अर्थ उलटा.

तेव्हा वर्गात असा उतारा आला की ताटात काय वाढले आहे, याबरोबरच काय वाढलेले नाही, हेही विद्यार्थ्यांना विचारावे. संस्कृतीचा पुष्कळसा मजकूर त्या दुसऱ्या उत्तरात असतो.