पुसट चेहऱ्याची बाजू

घरगुती व्हिडिओतून काढलेला फोटो दुय्यम असतो, ही समजूत टाकून द्यायला हवी. आणि दुय्यम आहे म्हणून तो यंत्राकडून ‘सुधारून’ घ्यायची जी टूम निघाली आहे, तिला तर उघड विरोध करायला हवा.

आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहतीत हा वाद हौशी लोकांपुरता राहत नाही. बदली झाली किंवा निवृत्ती आली की क्वार्टर सुटतं. शेजारच्या मोहम्मदपूर, नेताजीनगर, सरोजिनीनगर या वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ साली मंजुरी मिळाली, तिथे तर इमारतीच जाऊ लागल्या. मागे उरतं ते हँडीकॅमवरचं चित्रण: मुंज, डोहाळजेवण, संक्रांतीचं हळदीकुंकू. त्यात कुणाची तरी आजी दोन सेकंद हसते आणि स्वयंपाकघराकडे वळते. तिचा वेगळा फोटो कुणी काढलेलाच नसतो. तेराव्याला हार घालायची वेळ येते, तेव्हा तेच दोन सेकंद शोधले जातात.

जाणकार म्हणतात, फोटोत क्षण टिपलेला असतो. इथे कॅमेरा नुसता चालू होता. या मतामागे आँरी कार्तिए-ब्रेसाँचं १९५२चं पुस्तक उभं असतं, ‘निर्णायक क्षण’. पण हे नाव इंग्रजी आवृत्तीचं. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ साधारण ‘घाईघाईत, चोरून टिपलेली चित्रं’ असा. अख्खा सिद्धान्त तोलला गेला तो बदललेल्या शीर्षकावर! शिवाय निवड व्हिडिओतही असतेच. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे तासाला ९०,०००. त्यांतली एक उचलणारा निवडच करतो, फक्त नंतर. ‘नंतर आला म्हणून कमी’ हा न्याय आम्हा भाषांतरकारांच्या चांगला ओळखीचा आहे.

राहिला दर्जा. एचडीची पूर्ण चौकट १९२० × १०८०, म्हणजे सुमारे वीस लाख बिंदूंची. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला ती पुरते. जुन्या कॅमेऱ्यांत एक चौकट पन्नासांश सेकंदाच्या अंतराने घेतलेल्या दोन अर्ध्या चित्रांची बनते, म्हणून हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते जरूर काढावेत. त्यासाठी एक अर्धं चित्र गाळावं लागलं तर थोडा तपशील जातो, पण परकं काही आत येत नाही.

एआयचं तसं नाही. ‘साफ कर दूँ?’ असं दुकानदार सहज विचारतो आणि आजीला नव्या पापण्या, नितळ गाल, दुसऱ्याच कुणाचे दात मिळतात. यावर उत्तर तयार असतं: व्हिडिओच्या फाइलीतही बऱ्याच चौकटी अंदाजानेच रचलेल्या असतात ना? असतात. पण तो अंदाज त्याच चित्रणातल्या आगच्यामागच्या चौकटींवरून, त्याच चेहऱ्यावरून केलेला असतो. सुधारणारं यंत्र शिकलेलं असतं असंख्य परक्या चेहऱ्यांवरून. मूळ वाक्य कळलं नाही म्हणून आपल्या पदरचं गोड वाक्य घालणाऱ्या भाषांतरकाराला आपण माफ करत नाही. मग हे भिंतीवर का टांगायचं?

तेव्हा टीव्हीच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढू नका. मूळ फाइल संगणकावर उघडून चौकटच जतन करा. प्रतीच्या मागे फाइलचं नाव, तासमिनिटसेकंद लिहा, आणि मूळ चित्रण सांभाळा. फोटो पुसट येईल. येऊ द्या. ती वळत होती, म्हणून पुसट आली आहे.