भूत पडद्यावर, आजार घरात

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखादी सून अचानक वेगळ्याच आवाजात बोलू लागली, की शेजारीपाजारी ‘बाहेरची बाधा’ म्हणतात आणि भगताचा पत्ता देतात. हा समज खोडण्याची संधी २००७ च्या ‘भूलभुलैया’ला होती. विद्या बालनची अवनी झपाटलेली नाही, आजारी आहे, असे सांगणारा मानसोपचारतज्ज्ञ त्यात होता. पण उपचार काय, तर विक्रम गोखले यांच्या आचार्यांना सोबत घेऊन एका रात्रीत रचलेले नाटक! प्रत्यक्षात दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वामागे बहुधा बालपणीचा गंभीर आघात असतो. समुपदेशनाचे उपचार महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालतात. २०२२ च्या दुसऱ्या भागात तर आजारच गेला आणि भूत खरे निघाले.

विनोदाला कुणाचीच हरकत नाही. मात्र ‘आधी भगत, मग डॉक्टर’ ही घराघरातली जुनी वाट अशा चित्रपटांनी आणखी पक्की होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे राज्यात २०१३ पासून गुन्हा आहे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पहिला फोन तिथे जायला हवा.